‘ओपन’मधली डोनर आणि पप्पांची फाइल

दोरा कापला म्हणून बाळ राहिलं नाही, असं माझ्या सासूबाई म्हणाल्या. मी तेव्हा त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून मोबाइलवर रक्ताचा रिपोर्ट बघत होते. आयव्हीएफची तिसरी खेप, तिसऱ्यांदा निगेटिव्ह. पोटावर सुयांचे निळे-हिरवे डाग अजून होते, आणि या बाईला माझ्या मनगटाची पडली होती.

“नर्सला सांगायचं होतंस ना, दोरा राहू द्या म्हणून,” त्या म्हणाल्या.

सासूबाईंना मी आई म्हणते आणि सासऱ्यांना पप्पा. पप्पा बाजूलाच पेपर वाचत होते. माझी खात्री होती की ते आता पेपर खाली ठेवून आईंना चार शब्द सुनावतील. त्यांनी पान उलटलं.

या दोऱ्याचं मला इतकं का लागलं, ते सांगते. आमचं घर बौद्ध. पप्पांच्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरातले टाक, तसबिरी गाठोड्यात बांधून ओढ्यात सोडले, ही गोष्ट लग्नापासून आजपर्यंत मी किमान पन्नास वेळा ऐकलेली आहे. बावीस प्रतिज्ञा पप्पांना तोंडपाठ. शेजारच्या काकूंनी संकष्टीचा उपास धरला की आई गालातल्या गालात हसणार. नवस, अंगारे, गंडेदोरे हे शब्द आमच्याकडे शिवीसारखे वापरले जातात. मला या घराचा अभिमान होता. लग्न ठरलं तेव्हा कर्वेनगरच्या आमच्या चाळीत मी मैत्रिणींना ऐटीत सांगितलं होतं, की माझ्या सासरी कोणी माझी पत्रिकासुद्धा मागितली नाही.

तर दोन वेळा उपचार फसल्यावर आईंनी विहारातल्या भन्तेजींना घरी बोलावून परित्राण पाठ ठेवला. पाठ मला आवडतो, खोटं कशाला बोलू? पाली कळत नाही, पण तेवढा वेळ डोकं थंड राहतं. पाठ झाल्यावर भन्तेजींनी सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि स्पष्ट सांगितलं, की हा मनाला धीर म्हणून आहे, याने दुसरं काही होत नसतं. आईंनी ते वाक्य कानाआड केलं. पुढे तीन आठवडे त्या रोज माझा हात धरून दोरा आहे ना बघायच्या. पाणी लागू देऊ नकोस, म्हणायच्या. देव ओढ्यात सोडले खरे, पण देवाकडे मागायची सवय मात्र कोरडीच घरी परत आली होती. दोऱ्याचा रंग पांढरा होता, एवढाच काय तो फरक.

बीजं काढायच्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्सने बांगडी, मंगळसूत्र काढायला लावलं आणि कात्रीने दोरा कापला. मला सुटल्यासारखं वाटलं. मी घरी येऊन हसत हसत ते सांगितलंही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी सरकारी मोजणी खात्यात आहे. जमिनी मोजते. भाऊबंदकीचे दावे असतात, वाटण्या असतात, कुणी कुणाचा बांध कोरलेला असतो. आम्ही जाऊन यंत्र लावतो, नकाशाशी ताडून बघतो, खुणा रोवतो, पंचांपुढे दोन्ही बाजूंचे जबाब घेतो. पंधरा वर्षं हेच करतेय. वारस नाही म्हणून मला कोणी हळहळून दाखवलं, की मनात येतं, या माणसाला एक दिवस माझ्याबरोबर मोजणीला न्यावं. लोणी काळभोरच्या बाजूला एकदा दोन सख्खे भाऊ हातात दगड घेऊन समोरासमोर उभे होते आणि त्यांचा म्हातारा बाप बांधावर बसून दोघांनाही आईवरून शिव्या देत होता. म्हाताऱ्याला नवसाने झालेली पोरं होती ती. त्यानेच सांगितलं मला.

त्याच शेतात एका बाईने मला विचारलं, “म्याडम, लेकरं किती हायती?”

“नाहीत.”

“आवो, मंग आमच्या देवीला या की. ओटी भरते तुमची. वरसाच्या आत पाळणा हलतोय का न्हाई बघा.”

तिचा मला राग आला नाही. तिचा देव तिचा होता आणि ती उघड्यावर बोलत होती. आमच्या घरात जे चाललं होतं त्याचा राग येत होता. तिथे कुणी काही मानत नव्हतं, तरी माझ्या मनगटाकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

तिसऱ्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. वागायला सभ्य माणूस. म्हणाले, तुमच्या बीजांची गुणवत्ता आता तितकीशी राहिलेली नाही, डोनरचं बीज घेऊ. बीज दुसऱ्या बाईचं, बाकी सगळं तुमचं. तुमच्याच पोटात वाढेल. मी अडतीस वर्षांची होते. नवरा चाळीसचा. त्याने लगेच मान डोलावली. मी म्हटलं, विचार करतो. त्यावर डॉक्टर म्हणाले, अवश्य करा, फक्त जाताना कोऑर्डिनेटरशी बोलून जा.

कोऑर्डिनेटर म्हणजे पंचविशीची एक हसरी मुलगी, हातात टॅब.

“मॅम, डोनर तुम्हाला बघायला नाही मिळणार, आणि तिलाही तुम्ही कोण ते कळणार नाही. पण मॅचिंगसाठी थोडे प्रेफरन्सेस घेऊन ठेवते मी. हाइट?”

नवऱ्याने माझी उंची सांगितली.

“कॉम्प्लेक्शन?”

मी सावळी आहे. नवरा माझ्यापेक्षा काळा. तो म्हणाला, “फेअर चालेल.”

“ओके सर. कम्युनिटी?”

“कम्युनिटी म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे कास्ट, मॅम. ऑफिशियल नाहीये हे, पण बरेच जण सांगतात.”

मी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, हा आता उठणार. याच्या बापाने टेलिफोन खात्यात नोकरी करताना, कोणी नुसतं पूर्ण नाव विचारलं तरी उलट विचारलं होतं, की कशासाठी हवंय. त्याच बापाचा हा मुलगा. मी तर पर्सही उचलली होती.

“ओपन,” तो म्हणाला. आवाज अगदी खाली. “ओपनमधली मिळाली तर बरं.”

“ओके सर,” ती म्हणाली आणि टॅबवर बोट टेकवलं. हॉटेलात कमी तिखट सांगितल्यावर वेटर लिहून घेतो, तितक्याच सहज.

गाडीत बसल्यावर विश्रांतवाडीच्या सिग्नलपर्यंत मी गप्प होते. सिग्नलला मात्र सुटले. काचा बंद होत्या म्हणून बरं, नाहीतर आळंदी रोडवरच्या सगळ्या रिक्षावाल्यांना आमचं घर कळलं असतं.

“काय मागितलंस तू तिथे?”

“मुलाला जरा सोपं जाईल.”

“काय सोपं जाईल? शाळेत रक्त काढून जात बघणार आहेत? आडनाव तुझंच लागणार ना त्याला? की तेही ओपनमधून आणायचंय?”

“तुला नाही कळणार.”

“मला नाही कळणार? मी कुठून आले मग? कोथरूडच्या बंगल्यातून?”

“दिसणं असतं. बोलणं असतं. सगळं आडनावावर नसतं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “हॉर्न नको वाजवूस.” गाडी मी चालवत होते आणि हॉर्न दाबून धरला होता, हे मला कळलंच नव्हतं.

दत्तकाचं मी त्याआधी वर्षभर बोलत होते. दुसरी खेप फसली तेव्हापासून. त्याचं उत्तर ठरलेलं, की ते आपलं नसणार. त्या संध्याकाळी मी विचारलं, डोनरच्या बाळात माझं काय असणार आहे? नऊ महिने जागा दिली एवढंच ना? तर म्हणाला, “पण तुझ्या पोटातून येईल. कोणाला काही सांगावं लागणार नाही.” म्हणजे त्याला मूल हवं होतं ते असं, की ते दुसऱ्या कोणाचं आहे हे कोणाला कळू नये. इतकी वर्षं मी उपचार घेत होते त्या लपवालपवीसाठी, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

मी त्याला सोडून जाईन असं बोलले. तोही काहीबाही बोलला. पण भांडण संपवायला आम्ही दोघांनी जे केलं, ते भांडणापेक्षा वाईट होतं. आम्ही तडजोड केली. दत्तकाची नोंदणी दोघांच्या नावाने करायची, कारण नवरा-बायको दोघांची संमती असल्याशिवाय ती होतच नाही. त्याने सही केली. बदल्यात मी डोनरचा एक प्रयत्न करायला हो म्हटलं. एकाच आठवड्यात मी दत्तकासाठी आमचे दोघांचे हसरे फोटो अपलोड केले आणि गर्भाशयाचं अस्तर जाड व्हावं म्हणून क्लिनिकने दिलेल्या गोळ्या सुरू केल्या. रोज सकाळी चहाआधी एक. पाकीट फ्रिजवर असायचं. लोकांच्या मोजणीत एक वीत इकडची तिकडे झाली तर मी नकाशा फाडायला निघते, आणि स्वतःच्या घरात मी हे चालवून घेतलं होतं. त्याच्यापेक्षा मला माझाच जास्त संताप यायचा.

मग दत्तक संस्थेच्या समाजसेविकेचा फोन आला. रविवारी सकाळी घरभेटीला येते, सगळे घरी असा. ती बघून जाणार, प्रत्येकाशी बोलणार आणि अहवाल लिहिणार. अहवाल चांगला असला तरच आमचं नाव पुढे सरकणार, हे चौघांनाही माहीत होतं.

शनिवारी आईंनी पडदे धुतले. पंख्याची पाती पुसली. दत्तकाला त्यांचा आधी विरोध होता, पण कोणी घर तपासायला येणार म्हटल्यावर बाईतली गृहिणी जागी झाली. पप्पांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. नवरा मला म्हणाला, “क्लिनिकचं काढू नकोस हं.” मी काही बोलले नाही. त्याने ते होकार म्हणून घेतलं.

समाजसेविका पन्नाशीच्या, काटकुळ्या, खांद्याला कापडी पिशवी. चहा नंतर, म्हणाल्या, आधी घर दाखवा. खोल्या बघितल्या, गॅलरीचे गज हलवून बघितले, संडासाची कडी मुलाच्या हाताला लागेल का ते बघितलं. मला ती बाई आवडली. ती माझ्यासारखी काम करत होती.

मग बैठकीच्या खोलीत सगळे बसलो. त्यांनी आधी आईंना विचारलं, मग पप्पांना.

“आजोबा, मुलाबद्दल काही मनात आहे का? काही विचारायचंय?”

पप्पा उठले, कपाटातून एक फुगलेली प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले आणि मांडीवर ठेवून बसले. ती फाइल मला माहीत होती. माझ्या नवऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जातपडताळणी करून व्हॅलिडिटीचा दाखला काढायचा होता, तेव्हा पप्पा वर्षभर गावोगाव हिंडले होते. आजोबांचा शाळेतला दाखला, त्यांच्या वडिलांची नोंद, कुठल्या तरी पडक्या शाळेच्या रजिस्टरचं पान, त्यावर जुन्या जातीचं नाव. एकेक कागद त्यांनी हेडमास्तरांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून मिळवला होता.

“एवढंच विचारायचंय मॅडम,” पप्पा म्हणाले, “दत्तक मुलाला आमची व्हॅलिडिटी मिळेल का?”

समाजसेविकांनी पेन खाली ठेवलं. “आजोबा, कायद्याने मूल पूर्णपणे तुमच्या घरचं होतं. दाखल्यांचं काय आणि कसं, ते वकिलांना विचारा, मी ठाम सांगणार नाही. पण एक सांगू? जातीचं जवळपास प्रत्येक घरात विचारतात. मूल वरच्या जातीचं असेल ना, असं विचारतात. आपली देता येईल का, हे विचारणारे तुम्ही पहिले.”

पप्पांना ते बोलणं कौतुकाचं वाटलं. ते फाइलीतला पहिला कागद काढून दाखवायला लागले. आणि माझं डोकं फिरलं.

“पप्पा, पुरे! ते मूल अजून उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, आणि तुम्ही त्याच्यासाठी जात काढून बसलात? तुम्ही? इथे आयुष्यभर आम्हाला काय शिकवलंत मग?”

“अगं, हक्क आहे त्याचा,” पप्पा म्हणाले. “मी भीक नाही मागत कोणाची.”

“मूल राहिलं बाजूला. कोणी दोरा बांधतंय, कोणी दाखला काढतंय. त्याला नुसतं घ्यायला कोणी तयार आहे का या घरात?”

परक्या बाईसमोर सून अशी बोलली म्हणून आई पदराशी चाळा करत खाली बघत राहिल्या. समाजसेविकांनी मला थांबवलं नाही, चूप बसवलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

“तुम्ही उपचार घेत होतात. ते आता पूर्ण थांबवलेत ना? हे मी सगळ्यांना विचारते. एकीकडे उपचार चालू आणि एकीकडे दत्तक, असं असेल तर आम्ही थांबतो. मूल आल्यावर पोटचं राहिलं, की आलेल्याचे हाल होतात. बघितलंय मी.”

“हो,” नवरा म्हणाला. “थांबवलेत.”

त्याने ते इतक्या सरळ तोंडाने सांगितलं, की मलाच घटकाभर खरं वाटलं. मी गप्प बसले असते तर अहवाल चांगला गेला असता. वर्षभर मी ज्याच्यासाठी भांडत होते ते माझ्या हातातोंडाशी आलं होतं. तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम. पण पंचांसमोर खोटा जबाब देणारी माणसं मी पंधरा वर्षं बघितली आहेत. त्या खोट्यावर रोवलेली खूण पुढच्या पावसाळ्याच्या आत उपटली जाते.

“नाही थांबवलेले,” मी म्हटलं. “मी आज सकाळीच गोळी घेतलीय. पाकीट फ्रिजवर आहे, बघा हवं तर.” त्यानंतर मी ती गोळी घेतली नाही, पण तेव्हा तसं काही ठरवलेलं नव्हतं. तेव्हा फक्त बोलत सुटले होते. “पुढच्या महिन्यात डोनरचं बीज घ्यायचं ठरलंय. आणि पप्पा, तुम्ही ती फाइल आत ठेवा. तुमच्या मुलाने क्लिनिकमध्ये डोनर ओपनमधली मागितली आहे. गोरी आणि ओपनमधली.”

हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. उपचारांचं खरं सांगणं वेगळं आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर हा निखारा टाकणं वेगळं. मला तेव्हाही कळत होतं. पण राग आला की हातात येईल ते मी फेकते, आणि मला लागेल असं काही नवरा बोलायच्या आत त्याला लागावं, असं वाटत होतं.

समाजसेविकांनी वही मिटली. “अहवाल मी आज लिहीत नाही,” त्या म्हणाल्या. “दोन दगडांवर पाय ठेवून मूल घरी आणता येत नाही. तुमच्या दोघांचं एक झालं की फोन करा, मी परत येईन.” चहा न घेताच गेल्या. लिफ्टपर्यंत मी पोचवायला गेले तेव्हा म्हणाल्या, “खरं बोललात ते बरं केलंत. ओरडलात ते मात्र आधी घरात ओरडायला हवं होतं.”

त्या परत आल्या त्या पाच महिन्यांनी, आणि त्या वेळी आमच्या चौघांचे जबाब सारखे होते. सध्या आमचं नाव यादीत आहे. पण ते जुळलं कसं, असं मला कोणी विचारलं, तर सांगायला त्या रविवारचा पुढचा अर्धा तासच आहे.

मी घरात आले तेव्हा तिघेही होते तिथेच बसलेले होते. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, “झालं समाधान? तूच घालवलंस.” मी त्याला उत्तर देणार, इतक्यात पप्पांनी हात वर केला.

“थांब गं जरा,” ते म्हणाले आणि मुलाकडे वळले. “ओपनमधली का मागितलीस?”

त्याने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

“मी ओरडत नाहीये. विचारतोय. आमचं काय कमी पडलं?”

“तुमचं नाही कमी पडलं, पप्पा.”

“मग?”

नवरा खुर्चीत पुढे सरकला. मग फाइलीकडे बोट दाखवून म्हणाला, “ही घेऊन तुम्ही कॉलेजला आला होतात आठवतंय? ॲडमिशनच्या दिवशी? तुम्ही खिडकीवर मोठ्या आवाजात सांगितलंत, की माझ्या मुलाची व्हॅलिडिटी आहे, सगळे कागद ओरिजिनल आहेत. मागे अख्खी रांग होती. त्यातली निम्मी मुलं माझ्याच वर्गात आली. चार वर्षं मला ‘व्हॅलिड’ म्हणायचे. नावाने नाही हाक मारली कोणी. सबमिशनला, कँटीनमध्ये, सगळीकडे. व्हॅलिड आला, व्हॅलिडला विचार. एक सरसुद्धा म्हणाले होते एकदा. मी पण हसायचो.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मला हे माहीत नव्हतं. पप्पांना वीस वर्षांत माहीत नव्हतं. मला त्या मुलांचा, त्या सरांचा असा राग आला, की आत्ता लिहितानाही तो जात नाही. त्यांच्यातले आज कोणीतरी मोठ्या पगारावर असतील, सोसायटीचे चेअरमन असतील, आणि त्यांना हे आठवतही नसेल. आणि मी ज्याच्यावर सिग्नलला हॉर्न दाबून ओरडले, तो माझ्या शेजारी काचा बंद करून बसला होता. त्याने केलं ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. चुकीच्या माणसांसमोर मान खाली घालून तो आपल्या न झालेल्या मुलासाठी सूट मागत होता. पण माझा राग आता त्याच्यावर टिकेना. तो कुठे न्यावा ते मला कळेना, आणि ते जास्त त्रासाचं होतं.

पप्पा फाइलीवरची धूळ हाताने पुसत बसले. धूळ नव्हतीच. त्या फाइलीसाठी त्यांनी आयुष्याचं एक वर्ष घातलं होतं, आणि त्यांच्या मुलाने त्याची किंमत चार वर्षं हसून भरली होती. दोघांपैकी एकाचंही काही चुकलं नव्हतं.

“हे असंच असेल,” पप्पा शेवटी म्हणाले, “तर पोर आणायचंच कशाला इथे? कशाला जन्माला घालायचं? आपण भोगलं तेवढं पुरे नाही का?”

नवऱ्याने मान हलवली. त्यालाही ते पटलं. दोघं बापलेक पहिल्यांदा एका बाजूला झाले आणि मूल नकोच इथवर आले. माझ्या पोटावरचे डाग, तीन वर्षं, सगळं त्या एका मान हलवण्यात निघून चाललं होतं. मी ओरडलेच.

“पप्पा, ते आधीच आलंय! आपल्याला कोण विचारतंय आणायचं का म्हणून? मी दत्तकाचं बोलतेय. ते जन्मलंय कुठेतरी. या जगात, याच लोकांत. त्याला कोणी विचारलं नाही. आपण नाही आणलं तरी ते इथेच आहे.”

मग आईंनी डोकं वर केलं. या सगळ्या सकाळीत त्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होत्या.

“मग आत्ता ते कुणाजवळ असेल गं?”

मला त्यांचाही राग आला. कारण वर्षभर मी या मुलासाठी सगळ्यांशी भांडत होते, आणि हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.